पंचांची मोजपट्टी कोणाच्या हातात? (अमेरिकेतले बेसबॉल पंच, त्यांचे संप आणि त्यांचं काम)

एडिसनकर

गेली सहा वर्षं मी शनिवार-रविवारी आमच्या गावातल्या मुलांच्या बेसबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. डाव्या हातात बॉल-स्ट्राइक मोजायचा क्लिकर, कमरेच्या पिशवीत चेंडू, खिशात छोटा ब्रश. प्लेटवर, म्हणजे फलंदाजाजवळच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवर, माती आली की मैदानाकडे पाठ करून वाकायचं, ब्रश मारायचा, मास्क चढवायचा, पुन्हा कॅचरच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाच्या, मागे बसायचं. दोन तासांत शंभर-दीडशे वेळा बसणं-उठणं होतं. घरी आल्यावर गुडघे बोलतात.

हे सांगायचं कारण असं, की परवा आमच्या मंडळात गप्पा चालल्या होत्या. २०२६च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉलमध्ये) बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला, म्हणजे चेंडू ठरलेल्या चौकटीच्या (स्ट्राइक झोनच्या) बाहेरून गेला की आतून याला, यंत्राकडे दाद मागता येणार, यावरून विषय निघाला. एकजण म्हणाला, "बरं झालं, या पंचांची युनियन फार माजली होती. काम येत नाही आणि काढताही येत नाही." मला ते लागलं. मी युनियनचा भक्त नाही, पण या वाक्यामागे सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत नसताना असं बोलणं बरोबर नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात १९६८ पासून करतो. मेजर लीगच्या दोन शाखा, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. तेव्हा नॅशनल लीगच्या पंचांची संघटना होती. ती उभी करण्यात पुढे होता ऑगी डोनाटेली. हा पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत काम केलेला माणूस, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला. खाणीत युनियन म्हणजे काय ते त्याने पाहिलं होतं. अमेरिकन लीगच्या पंचांना मात्र संघटना नव्हती आणि पगारही कमी होते. त्यांच्यातले अल सालेर्नो आणि बिल व्हॅलेंटाइन हे दोघे संघटनेसाठी हालचाल करू लागले. सप्टेंबर १९६८ मध्ये लीगचे अध्यक्ष जो क्रोनिन यांनी दोघांनाही काढून टाकलं. कारण काय दिलं? तर ते पंच म्हणून वाईट आहेत. व्हॅलेंटाइन तेव्हा सहावा मोसम करत होता, सालेर्नो आठवा. इतकी वर्षं चालून गेलेलं काम संघटनेची चिठ्ठी फिरू लागताच वाईट ठरलं. दोघेही मेजर लीगमध्ये पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

पंचांच्या प्रत्येक भांडणात मला ही गोष्ट दिसते. "तुमचं काम चांगलं नाही" हे वाक्य कधी खरं असतं आणि कधी हत्यार असतं. बाहेरच्याला फरक कळत नाही.

त्या दोघांच्या हकालपट्टीचा परिणाम उलटा झाला. दोन्ही लीगचे पंच एकत्र आले आणि ३ ऑक्टोबर १९७० ला, प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच दिवशी, संपावर गेले. पिट्सबर्गला स्टेडियमबाहेर फलक घेऊन उभे राहिले. एका दिवसात लीगने बोलणी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी पंच परत मैदानात होते.

पुढे १९७८-७९ ला रिची फिलिप्स हा फिलाडेल्फियाचा वकील संघटनेचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखाली पंचांनी बरंच मिळवलं. १९७९ चा संप मोसमाच्या सुरुवातीपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालला. पगार वाढले आणि मोसमाच्या मधे सुट्टी मिळाली. ही सुट्टी किती मोठी गोष्ट आहे ते बघा. त्याआधी हे लोक एप्रिल ते सप्टेंबर घरीच जात नसत. खेळाडूंचे निम्मे सामने घरच्या मैदानावर होतात. पंचाला घरचं मैदानच नसतं. त्याचा प्रत्येक सामना परगावी.

१९८४ ला पुन्हा प्लेऑफमध्ये संप, १९९१ ला तणातणी, १९९५ ला टाळेबंदी. दर वेळी फिलिप्स काहीतरी घेऊन यायचा. आणि मग आलं १९९९.

त्या वर्षी लीगने सँडी अल्डरसन यांच्याकडे पंचांचा कारभार दिला. त्यांनी संघांना सांगितलं की पंच स्ट्राइक कुठे देतात त्याची नोंद ठेवा. पंचांना हे पाळत ठेवल्यासारखं वाटलं. त्यातच टॉम हॅलियन या पंचाला एका कॅचरला धक्का दिल्यावरून तीन दिवस निलंबित केलं. करारात संपाला बंदी होती आणि करार ३१ डिसेंबरला संपणार होता. तेव्हा फिलिप्सने डोकं लढवलं. संप करता येत नाही ना, मग राजीनामे देऊ. १४ जुलैला फिलाडेल्फियात बैठक झाली आणि ५७ पंचांनी २ सप्टेंबरपासून लागू होणारे राजीनामे दिले. अंदाज असा, की ऐन मोसमाच्या शेवटी पंच नाहीत म्हटल्यावर लीग धावत येईल.

अल्डरसन म्हणाले, ही धमकी असेल तर दुर्लक्ष करण्याजोगी आहे आणि देकार असेल तर स्वीकारण्याजोगा.

लीगने खालच्या लीगमधून २५ पंच घेतले. इकडे पंचांमध्ये फूट पडली, काहींनी राजीनामे मागे घेतले, शेवटी संघटनेनेच सगळे मागे घेतले. पण तोवर जागा भरल्या होत्या. २२ जणांची नोकरी गेली. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. फिलिप्सची संघटनाही त्याच हिवाळ्यात मतदानाने गेली. पंचांनी ५७ विरुद्ध ३५ मतांनी नवी संघटना निवडली.

त्या २२ जणांत कोण होतं ते बघितलं की जीव हळहळतो. जिम इव्हान्स होता, जो स्वतः पंच घडवण्याची शाळा चालवायचा. टेरी टाटा, फ्रँक पुली यांच्यासारखे पंचवीस-पंचवीस वर्षं काढलेले होते. एरिक ग्रेगही होता. १९९७ च्या प्लेऑफमध्ये त्याने बाहेरच्या बाजूला हात-हातभर स्ट्राइक दिले होते आणि लिव्हान हर्नांडेझ या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) त्या जोरावर १५ फलंदाज टिपले होते. त्या सामन्याबद्दल लोक अजून रागावतात आणि तो राग रास्त आहे. पण राजीनाम्याच्या गोंधळात ग्रेग आणि इव्हान्स एकाच तराजूत तोलले गेले. ओल्याबरोबर सुकंही जळालं.

२००१ च्या मे महिन्यात लवाद अ‍ॅलन सायमोनेट यांनी ९ जणांना परत घ्यायला सांगितलं. त्यांत जो वेस्ट होता. तोच जो वेस्ट पुढे नव्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि २०२१ मध्ये त्याने बिल क्लेमचा ५,३७५ सामन्यांचा विक्रम मोडला. १९९९ ला ज्याला घरी बसवलं होतं, त्याच्याच नावावर आज सर्वांत जास्त सामने आहेत.

माझं मत एवढंच: पंचांचं काम मोजलंच पाहिजे. पण मोजपट्टी एकट्या मालकाच्या हातात असेल तर ती १९६८ सारखी वापरली जाते, आणि मोजायलाच नकार दिला तर १९९९ होतं. तुम्हाला काय वाटतं?

लालबागकर

धागा आवडला. वाचताना सारखं घरचं आठवत राहिलं.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. एडिसनकर, तुम्ही राजीनाम्यांच्या बैठकीबद्दल लिहिलंत तिथे मी थांबलो. संप चूक की बरोबर हे नंतर सगळेच सांगतात. माझे वडील वेगळंच सांगायचे. ते म्हणायचे, सभेत हात वर करायच्या आधी "हे फसलं तर काय?" असं विचारायला जागा असली पाहिजे. ज्या सभेत तो प्रश्न विचारणारा फितूर ठरतो, त्या सभेतून घरी जाताना माणसाने घाबरावं. फिलाडेल्फियातल्या त्या खोलीत हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला होता का?

आणि त्या पंचवीस जणांबद्दल काय म्हणाल? आमच्याकडे बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, काम मिळेल या आशेवर. त्यांना संपफोडे म्हणणं सोपं असतं. खालच्या लीगमध्ये दहा-दहा वर्षं वाट बघणाऱ्या पंचाला वरून फोन आला, तर त्याने काय करायचं?

एडिसनकर

लालबागकर, तुमच्या वडिलांचं वाक्य लिहून ठेवलं.

विरोध होता, पण पुरेसा नव्हता. ज्यांनी सही केली नाही किंवा लगेच मागे घेतली त्यांत अमेरिकन लीगचे पंच जास्त होते. जॉन हिर्शबेक आणि जो ब्रिंकमन हे फिलिप्सच्या विरोधात उभे राहिले आणि हिर्शबेक नव्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला.

बदल्यांबद्दल: १९७९ च्या संपात जे आत आले त्यांतल्या आठ जणांना लीगने संपानंतरही ठेवलं. बाकीच्या पंचांनी वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. चार जणांची तुकडी, सहा महिने एकत्र प्रवास, आणि तीन जण चौथ्याशी बोलत नाहीत. डेव्ह पॅलोन त्यांतलाच एक. त्याने हे सगळं पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. अवघड निर्णयावर सहकाऱ्याला विचारायचं असतं, तेव्हा समोरचा मान फिरवत असेल तर निर्णय सुधारणार कसा? कामगारांतलं भांडण मैदानावरच्या कामात उतरतं ते असं.

साधा_वकील

एक मुद्दा सुटला आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे.

सालेर्नो आणि व्हॅलेंटाइन यांच्या हकालपट्टीनंतर प्रकरण राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे गेलं. लीगचं म्हणणं होतं की बेसबॉल आमचा अंतर्गत मामला आहे, सरकारी मंडळाला इथे अधिकार नाही. डिसेंबर १९६९ मध्ये मंडळाने निर्णय दिला की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार आहे आणि आम्हाला अधिकार आहे.

त्या दोघा पंचांना यातून नोकरी मिळाली नाही. पण त्या निर्णयाचा आधार पुढे खेळाडूंच्या संघटनेलाही मिळाला. १९९४-९५ चा खेळाडूंचा मोठा संप आठवा, ज्यात वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिकाच, रद्द झाली. तो मिटला कसा? याच मंडळाने मालकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ३१ मार्च १९९५ ला न्यूयॉर्कच्या एका जिल्हा न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला. त्या न्यायाधीश म्हणजे सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खेळाडूंना आज जे कोट्यवधी मिळतात त्यामागे दोन पंचांच्या गेलेल्या नोकऱ्या आहेत. हे सांगितलं की बेसबॉलवेडी माणसंही चकित होतात.

१९९९ बद्दल कायद्याच्या बाजूने बोलायचं तर, राजीनामा ही एकतर्फी गोष्ट आहे. समोरच्याने स्वीकारला की मागे घेणं तुमच्या हातात राहत नाही. कुठल्याही नवशिक्या वकिलाला हे ठाऊक असतं. फिलिप्सने वीस वर्षं इतकं मिळवून दिलं होतं की पंचांनी त्याला हा प्रश्नच विचारला नसावा. पंचांचा विश्वास खरा होता आणि त्याची किंमत २२ घरांनी मोजली.

मिशिगनवासी

मी कायद्याचं काही सांगू शकत नाही, पण एक संध्याकाळ सांगते.

२ जून २०१०, डेट्रॉइट. आम्ही पहिल्या बेसच्या (फलंदाजाने धावून गाठायच्या पहिल्या ठिकाणाच्या) बाजूला वरती बसलो होतो. पिचर आर्मांडो गलारागाने २६ फलंदाज ओळीने बाद केले होते. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे गेला, फर्स्ट बेसमनने उचलला, गलारागा धावत बेसवर आला, झेल घेतला, पाय टेकवला. आम्ही सगळे उभे राहून ओरडायला लागलो होतो. आणि तिथला पंच जिम जॉइस याने हात पसरले. सेफ, म्हणजे नाबाद.

त्या आधीच्या सगळ्या इतिहासात वीसच परफेक्ट गेम (एकही फलंदाज बेसवर न पोचलेले सामने) झाले होते. हा एकविसावा होता आणि तो गेला. स्टेडियममधला आवाज कसा बदलला ते मी विसरणार नाही. गलारागा मात्र फक्त हसला. तो परत माउंडवर (चेंडू टाकायच्या उंचवट्यावर) गेला आणि पुढचा फलंदाज बाद केला.

सामना संपल्यावर जॉइसने चित्रफीत पाहिली आणि पत्रकारांसमोर येऊन सांगितलं की माझं चुकलं, त्या पोराचा परफेक्ट गेम मी घालवला. रडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सामना होता आणि जॉइसची पाळी प्लेटमागे होती. लीगने सुट्टी घेण्याची मुभा दिली होती, त्याने घेतली नाही. संघाची यादी पंचाकडे द्यायला मॅनेजरऐवजी गलारागा आला. जॉइस डोळे पुसत होता. त्याने यादी घेतली आणि गलारागाच्या खांद्यावर थाप मारली.

त्याच महिन्यात शंभर खेळाडूंना विचारलं की सर्वांत चांगला पंच कोण, तेव्हा जॉइसचंच नाव पहिलं आलं. एका चुकीने माणूस वाईट पंच ठरत नाही, हे खेळाडूंना प्रेक्षकांपेक्षा जास्त कळतं. आणि माझं म्हणणं, त्या चुकीला लगेच दुरुस्त करायची सोय असती तर सगळ्यात जास्त सुख जॉइसला झालं असतं. २००८ पासून रिप्ले होता, पण फक्त होमरनसाठी. बेसवरच्या निर्णयांसाठी तो २०१४ ला आला. चार वर्षं उशिरा.

आकडेमोड

मिशिगनवासी, डोळ्यांसमोर उभं केलंत.

मी मोजपट्टीबद्दल लिहितो, कारण माझं पोटच आकड्यांवर आहे.

स्ट्राइक झोन मोजणारं पहिलं यंत्र, क्वेसटेक, २००१ ला आलं. २००३ पर्यंत ते साधारण दहा स्टेडियममध्ये होतं. पंच म्हणाले, काही मैदानांवरच कॅमेरे लावून सगळ्यांना कसं तोलणार? संघटनेने तक्रार दाखल केली. पिचरसुद्धा चिडले होते. कर्ट शिलिंगने फिनिक्सला एक कॅमेरा फोडला आणि दंड भरला. २००४ च्या शेवटी करारात ते प्रकरण मिटलं. पुढे सगळ्या मैदानांवर पिचएफएक्स आलं, २०२० पासून हॉकआय. क्रिकेट बघणाऱ्यांना हे नाव ठाऊक आहेच.

२०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठातून एक अभ्यास आला. अकरा मोसमांतले जवळजवळ चाळीस लाख चेंडू तपासले होते. २०१८ या एका मोसमात बॉल-स्ट्राइकचे ३४,२९४ निर्णय चुकले, म्हणजे सामन्याला साधारण १४. अनुभवी पंचांपेक्षा तरुण पंच सरस निघाले, हेही त्यात होतं. अनुभव म्हणजे अचूकता या समजुतीला हा मोठा धक्का होता.

पण आता खरी मेख. पंचाला गुण देताना लीग प्लेटच्या काठाबाहेर थोडी सूट धरते. त्या पट्ट्यात चूक झाली तरी ती चूक मोजत नाहीत. पूर्वी ही सूट दोन इंच होती. २०२४ च्या शेवटी जो नवा करार झाला त्यात ती पाऊण इंचावर आली. झालं काय? २०२५ च्या मोसमात पंचांनी झोन आकसला, काठावरचे स्ट्राइक बंद झाले, आणि पिचर-कॅचर बिथरले. कोणी नियम बदलला नव्हता. फक्त गुण द्यायची पद्धत बदलली होती, तीही वाटाघाटीच्या टेबलावर.

म्हणजे "पंच किती अचूक" हा आकडा निसर्गात सापडत नाही. तो करारात ठरतो. एडिसनकर, तुमच्या धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर मला इथे दिसतं. सवा इंचासाठी दोन्ही बाजू बसून बोलल्या. कामगार चळवळ म्हणून हे संपाइतकंच खरं आहे.

पंच_कोल्हापूर

मी क्रिकेटचा पंच, जिल्हा पातळीवरचा. बेसबॉल मला यूट्यूबवर बघून थोडाफार कळतो. पण आकडेमोड यांनी लिहिलेलं वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

आमच्याकडे डीआरएसमध्ये "अंपायर्स कॉल" आहे. चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग स्टंपला लागत असेल तर मैदानावरचा निर्णय कायम. लोक चिडतात, म्हणतात लागतोय तर आउट का नाही. पण ती सूट यंत्राच्या चुकीसाठी आहे. तुमच्या त्या पाऊण इंचात आणि आमच्या अंपायर्स कॉलमध्ये एक फरक मला दिसतो. आमच्याकडे तो नियम क्रिकेट समिती ठरवते, पंचाला विचारून करारात लिहीत नाही. आमची संघटना म्हणावी अशी ताकदच नाही. मागच्या हंगामात एका स्पर्धेचं मानधन मला सहा महिन्यांनी मिळालं, तेही चार फेऱ्या मारून. त्यामुळे या अमेरिकन पंचांबद्दल "माजलेत" असं माझ्याच्याने म्हणवत नाही.

एक विचारतो. मेजर लीगचं ठीक, पण खालचे पंच? त्यांना काय मिळतं?

एडिसनकर

पंच_कोल्हापूर, प्रश्न अगदी वर्मावरचा.

मेजर लीगमध्ये जागा ७६. चौघांच्या १९ तुकड्या. वर्षाला एखाद-दोन जागा रिकाम्या होतात, कधी तेवढ्याही नाही. खाली शेकडो पंच सर्वांत खालच्या रुकी लीगपासून ट्रिपल-एपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीपर्यंत, चढत असतात. सात-आठ-दहा वर्षं. आणि ठरावीक वर्षांत वर सरकला नाहीत तर तुम्हाला सोडून देतात, कारण मागच्यांना जागा हवी. म्हणजे पस्तिशीला आलेला माणूस, हातात दुसरं काम नाही, आणि एक दिवस निरोप.

खालच्या पंचांची वेगळी संघटना आहे. २००६ ला एप्रिलपासून जूनपर्यंत तेही संपावर गेले होते. मागणी काय होती? पगार आणि जेवणखाणाचा रोजचा भत्ता. त्या काळात बदली पंच उभे केले. २६ एप्रिलला डेल्मन यंग या खेळाडूने तिसऱ्या स्ट्राइकवर चिडून बॅट भिरकावली, ती बदली पंचाच्या छातीवर लागली. यंगला ५० सामन्यांचं निलंबन झालं. मी ती चित्रफीत पाहिली आहे. पंच बॅट लागूनही जागचा हलत नाही.

चाफेकळी

सगळे पुरुष पंचांबद्दल बोलत आहात म्हणून लिहिते. "काम चांगलं नाही" हे हत्यार बायकांवर सर्वांत जास्त चाललं.

बर्नीस गेराने पंच होण्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला. जून १९७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावी ती एक सामना उभी राहिली आणि त्याच दिवशी सोडून गेली, कारण सोबतच्या पंचाने साथ दिली नाही. पॅम पोस्टेमाने खालच्या लीगमध्ये १३ वर्षं काढली, ट्रिपल-एपर्यंत पोचली, १९८८ ला मेजर लीगच्या सराव सामन्यांत उभी राहिली. १९८९ ला तिला सोडून दिलं. जेन पावोल २०१६ ला खालून सुरुवात करून ९ ऑगस्ट २०२५ ला अटलांटात मेजर लीगमध्ये उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी प्लेटमागे बसली. गेरापासून पावोलपर्यंत ५३ वर्षं.

पोस्टेमाच्या काळात चेंडू मोजणारे कॅमेरे असते तर तिला काढताना निदान एक आकडा दाखवावा लागला असता. म्हणून मी यंत्राच्या बाजूची आहे. ज्याच्यामागे ओळखी नाहीत, त्याला आकडा उपयोगी पडतो.

आकडेमोड

चाफेकळीताई, अनुमोदन, पण एक उलटी बाजूही सांगतो.

आंखेल हर्नांडेझ, क्युबात जन्मलेला, १९९३ पासून कायम पंच. २०१७ ला त्याने लीगवर वांशिक भेदभावाचा दावा लावला. म्हणणं असं की मला तुकडीप्रमुख करत नाहीत आणि २००५ नंतर वर्ल्ड सिरीज दिली नाही. लीगने उत्तरात त्याची कामगिरी पुढे केली. २०२१ ला खालच्या कोर्टात आणि २०२३ ला अपिलात लीग जिंकली. त्याच्या चुका साऱ्या देशाने पाहिल्या होत्या. २०१८ च्या प्लेऑफच्या एका सामन्यात पहिल्या बेसवरचे त्याचे तीन निर्णय रिप्लेने फिरवले. मे २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. मला तो चांगला पंच वाटत नव्हता. पण त्याने विचारलेला प्रश्न, की तुकडीप्रमुखांमध्ये गौरेतर इतके कमी का, तो प्रश्न त्याच्या चुकांमुळे खोटा होत नाही.

आणि पॅट होबर्ग. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना. फलंदाजाने न खेळलेले १२९ चेंडू, १२९ निर्णय बरोबर. आकड्यांत याहून वर काही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लीगने त्याला काढलं. जुगार खेळणाऱ्या मित्राबरोबर त्याने सट्ट्याची खाती वापरली होती आणि तो मित्र बेसबॉलवरही पैसे लावत होता. होबर्गने स्वतः बेसबॉलवर पैसे लावल्याचा पुरावा मिळाला नाही असं लीगनेच म्हटलं. निर्णय मला पटतो, कारण पंचावर संशय नको. तरी हळहळ वाटते. सगळ्यात अचूक डोळा घरी बसला.

लालबागकर

२०१७ ला पंचांनी पांढरे पट्टे बांधले होते ना मनगटाला? मला अंधुक आठवतंय.

साधा_वकील

हो, १९ ऑगस्ट २०१७. इयन किन्सलर या खेळाडूने आंखेल हर्नांडेझबद्दल जाहीरपणे म्हटलं होतं की त्याने दुसरं काम शोधावं. लीगने त्याला दंड केला, निलंबित केलं नाही. पंचांना ते पुरेसं वाटलं नाही. एक दिवस पट्टे बांधले, आयुक्त मॅनफ्रेड भेटायला तयार झाले, आणि दुसऱ्या दिवशी पट्टे उतरवले. १९९९ च्या राजीनाम्यांशी ताडून बघा. एवढंसं कापड, एक दिवस, आणि भेट मिळाली. ही संघटना शिकली आहे.

पंच_कोल्हापूर

२०२६ च्या यंत्राचं नेमकं कसं आहे? सगळे चेंडू यंत्रच ठरवणार का?

एडिसनकर

नाही. निर्णय पंचच देणार. प्रत्येक संघाला सामन्यात दोन वेळा दाद मागता येईल, बरोबर ठरलं तर संधी शिल्लक राहते. मागायची फक्त फलंदाजाने, पिचरने किंवा कॅचरने, तीही लगेच, डोक्याला हात लावून. डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, खूण चालणार नाही. झोन प्लेटइतका म्हणजे १७ इंच रुंद, वरची कड फलंदाजाच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. पडद्यावर सगळ्या स्टेडियमला दिसेल.

डिसेंबर २०१९ च्या करारातच पंचांनी या यंत्राच्या चाचण्यांना सहकार्य करायचं मान्य केलं होतं. म्हणून म्हणतो, युनियन आडवी आली हे खरं नाही. मला धास्ती एकाच गोष्टीची आहे. चाळीस हजार लोकांसमोर पडद्यावर तुमची चूक चार वेळा दिसली, तर पाचव्या चेंडूला तुमचा हात कसा उठतो? मी मुलांच्या सामन्यात, समोर फक्त तीस आईबाप असताना, हे अनुभवलं आहे. गेल्या वसंतात एका वडिलांनी जाळीला धरून तीन डाव माझ्या नावाने ओरडा केला. तिसऱ्या डावात मी एक स्वच्छ स्ट्राइक बॉल दिला. पिचर दहा वर्षांची मुलगी होती. तिने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. सामना संपल्यावर मी तिला सांगितलं की तो स्ट्राइक होता. तिने मान हलवली आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे पळाली.

चाफेकळी

एडिसनकर, तुम्ही तिला सांगितलंत हे वाचून बरं वाटलं. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, आम्ही तुमच्यापासून अर्ध्या तासावर राहतो. खेळ सोडलाय तिने, पण पंच व्हायचं म्हणते. कुठून सुरुवात करायची?

एडिसनकर

ताई, नक्की आणा. सुरुवातीला तिला बेसवर उभं करू, प्लेटमागे लगेच नको. मास्क आणि छातीचं पॅड माझं तिला मोठं होईल, पण लीगच्या कपाटात लहान मापाचं आहे. फक्त बूट पुढून कडक असलेले घ्या, फाउल चेंडू पायाच्या बोटांवरच येतो. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला मैदान आखायला आम्ही जमतो. क्लिकर आणायला सांगू नका, माझ्याकडे दोन आहेत.